यंदा तिकडे नको

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून उत्तरेकडे निघाले, ते हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि गावातल्या भिक्षुकीवर ते फिटण्यासारखे नव्हते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणाही तशीच मोठी मिळणार आहे, ही बातमी कोकणात पोचली होती. काका रामभटजींना सोबत घेऊन तिशीतला हा भिक्षुक वाटेला लागला. महूच्या वाटेवर त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांवरून आता मोठा दंगा उसळणार, हे त्यांच्याकडूनच कळले. तरी काका-पुतण्या पुढेच गेले.

इंग्रजांनी १८५८च्या मार्चमध्ये झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट शहरात होते. शहर पडले, कत्तल झाली, लूट झाली आणि साठवलेली कमाई गेली. ते वरसईला परतले ते गंगेची कावड घेऊन. हा सारा अनुभव त्यांनी पुढे १८८३च्या सुमारास लिहून काढला आणि भारताचार्य चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापला. मराठीतले हे पहिल्या प्रतीचे प्रवासवर्णन पेण तालुक्यातल्या माणसाचे आहे, याची आठवण पेणकरांनीही अधूनमधून करायला हवी.

राजकारण तापलेले असताना प्रवासाला जावे की न जावे, हा प्रश्न या भागात किती जुना आहे ते यावरून कळते. विष्णुभटांपुढे धोका आणि पैसा एकाच वेळी उभे होते आणि कर्जामुळे पैशाची बाजू जड झाली. आजचा पेण-रोह्याचा प्रवासी पैसे मिळवायला नाही, खर्चायला जातो. म्हणूनच ‘यंदा तिकडे नको’ असे म्हणण्याची मुभा त्याला आहे. ती मुभा वापरताना तो काय काय मोजतो आणि काय मोजायचे राहून जाते, हे पाहण्यासारखे आहे.

परदेशाच्या बाबतीत तर ही मुभा फार जुनी नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३९मध्ये परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले. युद्ध संपले तरी ते गेले नाही. १९४७च्या परकीय चलन नियमन कायद्याने ते पुढे चालू ठेवले. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, या पदावर बसलेले पहिले भारतीय आणि घराण्याने रोह्याचे. परकीय गंगाजळी तुटपुंजी असताना हौसेखातर डॉलर देणे देशाला परवडत नव्हते. नंतरच्या काळात हौशी प्रवाशाला तीन वर्षांतून एकदा ५०० डॉलर मिळत, तेवढ्यात काय ते भागवायचे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची सवलत दिली, आणि आता ती मर्यादा अडीच लाख डॉलरवर आहे. म्हणजे कुठल्या देशात जायचे नाही हे आपण ठरवावे, अशी वेळ रोह्यातल्या मध्यमवर्गीय घरावर आली ती गेल्या वीसेक वर्षांत.

काश्मीरला मात्र पारपत्र लागत नाही, डॉलर लागत नाहीत आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मे हाच तिथला बहराचा काळ. २०२४मध्ये काश्मीर खोऱ्यात सुमारे ३५ लाख पर्यटक गेले. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा ओघ एवढा, की राज्य सरकारने श्रीनगर विमानतळाजवळ बडगाम जिल्ह्यातल्या इच्छगामला अडीच एकर जागा घेऊन महाराष्ट्र भवन बांधायचे ठरवले. दुसऱ्या राज्यासाठी जमीन देण्याचा निर्णय जम्मू-काश्मीर प्रशासनाने २०२४मध्ये केला.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या वरच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि नवीन पनवेलचे एक. पनवेल रायगड जिल्ह्यातच आहे, पेणहून तासाभराच्या वाटेवर. ज्यांना पहलगाम कुठे आहे हे नीट सांगता आले नसते, त्यांच्याही घरात त्या रात्री पनवेलचे नाव ऐकून जेवण गेले नाही. मृतांमध्ये एक स्थानिक घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला होता.

मे महिन्याच्या सहलींची बुकिंग झालेलीच होती, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच चौकशी सुरू झाली: पैसे परत मिळतील का? हा प्रश्न शोकाच्या वेळी विचारायचा नसतो, असे वाटणे साहजिक आहे. पण वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम ज्याची अडकली आहे त्याने तो विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर आधीपासून माहीत असलेले बरे.

टूरचा आकडा एक दिसतो, पण आत चार-पाच वेगवेगळे व्यवहार असतात. विमानाची जागा कंपनीने घाऊक भावात महिने आधी धरलेली असते आणि तिची अनामत विमान कंपनीकडे असते. हॉटेलवाल्याला अॅडव्हान्स गेलेला असतो. परदेश असेल तर व्हिसाची फी दूतावासाकडे जमा झालेली असते आणि ती कोणी परत देत नाही. वर टूर कंपनीचे स्वतःचे काम, गाइड, गाडी, जेवण. प्रवासी ‘कॅन्सल करा’ म्हणतो तेव्हा यांतला प्रत्येक जण आपापला नियम काढतो.

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो सहल रद्द कोणी केली यावरून. प्रवाशाने केली तर रद्दीचा भुर्दंड त्याच्याकडे. विमान कंपनीने उड्डाणच रद्द केले तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत द्यावे लागतात. पहलगामनंतर विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवर एप्रिलअखेरपर्यंत तारीख बदलण्याचे आणि रद्द करण्याचे शुल्क माफ केले, ती सवलत होती, हक्क नव्हे. पुढे ७ मेला भारताची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही लष्करी कारवाई झाली, श्रीनगरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाले आणि १२ मेला ते पुन्हा उघडले. त्या दिवसांत उड्डाणेच झाली नाहीत, तेव्हा तिकिटांच्या पैशांचा हक्क आपोआप प्रवाशाकडे आला. घाबरून आधी रद्द करणाऱ्याचे नुकसान झाले आणि थांबणाऱ्याचे वाचले, असेही यात घडू शकते. प्रवास विमा काढला आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी त्याची बारीक अक्षरे वाचावीत. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती बहुतेक पॉलिसींनी वगळलेली असते, आणि ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ हे कारण विमा कंपनी मानत नाही.

काश्मीरची बाजूही आकड्यांतच पाहावी. हल्ल्यानंतर आठवडाभरात सरकारने तिथली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. मेअखेरीस मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम पहलगामला घेतली, लोकांनी पुन्हा यावे म्हणून. जूनमध्ये स्थळे टप्प्याटप्प्याने उघडू लागली. मधल्या काळात शिकारावाला, घोडेवाला, सुमो चालवणारा आणि शाल विकणारा यांचा हंगाम बुडाला. सुरक्षिततेचे कारण खरे असेल तर जाणे टाळावेच, त्यात पर्यटकाचा काही दोष नाही. पण त्या निर्णयाला शिक्षेचे रूप देऊ नये. ज्या लोकांचा घोडेवाला पर्यटकांसाठी मेला, त्यांना कसली शिक्षा करायची?

शिक्षा म्हणून प्रवास रद्द करण्याची गोष्ट वेगळी, आणि तिची दोन मोठी उदाहरणे अलीकडचीच आहेत.

२०२३मध्ये मालदीवला सर्वाधिक पर्यटक गेले ते भारतातून, दोन लाखांहून अधिक. २०२४च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपची छायाचित्रे प्रसिद्ध केली, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याविषयी अपमानास्पद मजकूर लिहिला आणि तीन-चार दिवसांत भारतात बहिष्काराची लाट उठली. उपमंत्री निलंबित झाले. एका मोठ्या बुकिंग कंपनीने मालदीवची विमान तिकिटे विकणेच थांबवले. वर्षअखेर भारतीय पर्यटकांचा आकडा १ लाख ३० हजारांच्या आसपास उतरला. घट मोठी होती आणि मालेच्या सरकारने तिची दखलही घेतली. मे महिन्यात पर्यटनमंत्र्यांनी भारतीयांना येण्याचे आवाहन केले आणि पुढे मुंबईसह तीन शहरांत प्रचाराचे कार्यक्रम घेतले. तरीही मालदीवचा एकूण पर्यटकांचा आकडा त्या वर्षी वाढलाच. चीनमधून आलेल्यांनी भारतीयांची जागा भरून काढली. मालदीवमधल्या भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांना परत पाठवण्याचा आपला निर्णय राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांनी बदलला नाही. मे २०२४पर्यंत ते सारे परतले होते. संबंध सुधारले ते दोन सरकारांच्या बोलण्यांतून, आणि जुलै २०२५मध्ये मोदी मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे होते. ज्या कुटुंबाने दीड वर्ष आधी तिथली सहल रद्द करून पैसे सोडले, त्याने ही बातमी काय भावनेने वाचली असेल?

दुसरे उदाहरण तुर्कस्तान आणि अझरबैजानचे. मे २०२५च्या संघर्षात दोन्ही देशांनी उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. २०२४मध्ये तुर्कस्तानला सुमारे ३ लाख ३० हजार आणि अझरबैजानला सुमारे २ लाख ४३ हजार भारतीय गेले होते. मेकमायट्रिपने सांगितले की आठवडाभरात या दोन देशांची बुकिंग ६० टक्क्यांनी घटली आणि रद्द करण्याचे प्रमाण २५० टक्क्यांनी वाढले. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले. हा राग खरा होता, आणि महाराष्ट्राने सहा माणसे गमावल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. पण दोन्ही देशांचे वजन वेगळे. तुर्कस्तानला वर्षाला पाच कोटींहून अधिक परदेशी पाहुणे येतात, त्यात सव्वातीन लाख म्हणजे शंभरात एकही नाही. अझरबैजानमधल्या बाकूच्या हॉटेलवाल्यांना मात्र भारतीय गेल्याचे लगेच जाणवणार, कारण तिथे एकूण पाहुणेच थोडे. एकाच बहिष्काराने एका देशाला चिमटाही बसत नाही आणि दुसऱ्याला तो चांगलाच जाणवतो. रागाची तीव्रता सारखी होती, परिणाम सारखा नव्हता.

राजकारण महागाईच्या रूपानेही प्रवाशाच्या खिशात हात घालते, आणि तिथे मत विचारायला कोणी येत नाही. २४ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. युरोप-अमेरिकेची उड्डाणे वळसा घेऊ लागली, इंधन वाढले, काही विमानांना मध्ये उतरून इंधन भरावे लागले. इंडिगोची लहान विमाने वळसा घालून अल्माटी आणि ताश्कंदला पोचू शकत नव्हती, म्हणून ती सेवाच थांबली. स्वस्त आणि जवळचा परदेश म्हणून नुकताच लोकांच्या यादीत आलेला मध्य आशिया एका आदेशाने दूर गेला. रुपयानेही साथ दिली नाही. २०२३मध्ये ८३च्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५मध्ये ९० रुपयांच्या वर गेला. शिवाय परदेशी टूरवर कंपनी बिलातच कर कापून घेते, २०२५च्या उन्हाळ्यात तो दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. हा कर बुडीत नसतो. विवरणपत्र भरले की तो आयकरातून वळता होतो किंवा परत मिळतो. छोट्या गावांत अनेक जण तो खर्चात धरून मोकळे होतात आणि परताव्याचा दावाच करत नाहीत, ते चूक आहे.

पेणमध्ये एक अडचण खास इथली. गणपतीच्या कारखान्यांमधल्या माणसांना उन्हाळ्यात हलता येत नाही. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात तेव्हा मूर्ती साच्यातून निघत असतात, वाळत असतात, आखणीला बसलेल्या असतात, आणि परदेशी जायच्या मूर्ती तर जहाजाने जातात म्हणून फार आधी पुऱ्या कराव्या लागतात. मोकळीक मिळते ती विसर्जनानंतर. २०२५मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. अशा वेळी नेपाळ सोयीचे, कारण पारपत्राची सक्ती नाही, एका भारतीय रुपयाला नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर ठरलेला, आणि पशुपतिनाथाचे दर्शनही होते. पण ८ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांचा उद्रेक झाला, दुसऱ्या दिवशी संसद पेटली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि त्रिभुवन विमानतळ बंद पडला. महाराष्ट्रातले पर्यटक तिथे अडकले आणि राज्य सरकारला त्यांच्यासाठी मदत क्रमांक द्यावे लागले. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की यांनी सूत्रे हाती घेतली आणि रस्ते निवळले. अशा वेळी चार दिवस हॉटेलात बसून राहण्याइतके पैसे आणि परतीचे तिकीट बदलण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याचे निभावते. स्वस्तातली, अजिबात न बदलणारी तिकिटे अशा ठिकाणी महाग पडतात.

आता उलटी बाजू. रायगड जिल्हा स्वतःच लोकांच्या सुट्टीचा मुक्काम आहे. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर यांची घरगुती जेवणाची घरे, रिक्षा, घोडागाड्या मुंबई-पुण्याच्या माणसांवर चालतात. रोहा तालुक्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते ते टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. पाणी येते त्या थोड्या तासांत बोटी सुटतात, वाटाडे आणि वल्ही मारणारी पोरे तेवढ्यात दिवसाची कमाई करतात. गिऱ्हाईक आले नाही म्हणून ते पाणी दुपारपर्यंत राखून ठेवता येत नाही.

१८ ऑगस्ट २०२२ला, गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसे. जिल्ह्यात नाकाबंदी झाली, दूरचित्रवाणीवर दिवसभर तोच विषय. १९९३च्या मुंबई स्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्याच शेखाडीला उतरली होती, त्यामुळे भीती निराधार म्हणता येत नव्हती. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ती एका ऑस्ट्रेलियन महिलेची नौका होती, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर माणसांची सुटका झाली आणि रिकामी बोट पावसाळी समुद्रात वाहत इकडे आली. जुलै २०२५मध्ये कोर्लईजवळ, म्हणजे रोह्याहून वाहत आलेली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या परिसरात, संशयित बोट दिसल्याचा असाच धावपळीचा प्रसंग झाला आणि ती वस्तू मासेमारीच्या जाळ्याचा तरंगता बोया असल्याचे निष्पन्न झाले. अशा बातमीनंतर ज्यांनी खोली धरली होती त्यांचे फोन येतात, आणि दिवेआगरच्या बाई उद्याच्या जेवणासाठी आणलेल्या माशांचे काय करायचे या विवंचनेत बसतात. पहलगामच्या घोडेवाल्याची गोष्ट रायगडकराला समजावून सांगावी लागू नये, ती त्यामुळे.

म्हणून बेत बदलताना सुरक्षितता, निषेध आणि खर्च ही तीन खाती वेगळी ठेवावीत. सुरक्षिततेसाठी परराष्ट्र मंत्रालयाची किंवा त्या राज्याच्या सरकारची सूचना पाहावी. खर्चासाठी रद्दीच्या अटी पैसे भरण्याआधी लेखी घ्याव्यात. निषेधासाठी एकच गोष्ट पाहावी: आपल्या न जाण्याने ज्याला वळण लावायचे आहे, त्याच्यापर्यंत ते पोचते का? दूरच्या देशाच्या परराष्ट्र धोरणापर्यंत ते क्वचित पोचते. जवळच्या, नेमक्या गाऱ्हाण्याबाबत मात्र पोचते, आणि त्याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे.

माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे गावापर्यंत घोडा, ई-रिक्षा, मिनीट्रेन किंवा पायपीट. दस्तुरीला उतरलेल्या नवख्या माणसाला ‘गाडी बंद आहे, रिक्षा नाही’ असे सांगून घोड्यावर बसवायचे आणि वाटेल ते पैसे घ्यायचे, अशा तक्रारी वाढल्या. लोक दुसरीकडे जाऊ लागले आणि त्याची झळ गावातल्या हॉटेलांना, दुकानांना लागली. १८ मार्च २०२५ला माथेरानकरांनी पर्यटकांची फसवणूक थांबवा म्हणून आपणच बेमुदत बंद पुकारला. बाजारपेठ बंद, रस्ते ओस. प्रशासनाने बैठक घेतली, फसवणूक रोखण्याचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या दिवशी बंद मागे घेतला गेला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. पेणहून माथेरानला जाणाऱ्याने आता दस्तुरीला उतरल्यावर आधी ई-रिक्षा आणि मिनीट्रेनच्या तिकीट खिडकीवर स्वतः चौकशी करावी, घोडा घ्यायचाच असेल तर बसण्यापूर्वी जायचे ठिकाण आणि भाडे ठरवून घ्यावे, आणि कोणी जास्त मागितले तर तिथल्या तिथे पोलिसांकडे तक्रार नोंदवावी.